गळका नळ व गृहस्थधर्म

घरांत सोन्याचा एक मणि हरवला तर लहानथोर सर्व माणसें जमिनीला डोळे लावून शोधूं लागतात. धान्यास कीड लागली कीं तें त्याच दिवशीं उन्हांत पसरलें जातें. दूध उतूं गेलें तर घरांत हळहळ होते. परंतु न्हाणींतला नळ रात्रंदिवस टपटपत असतो, मोरींतून कुबट वास येत असतो, गच्चीवरच्या टाकींतून पाण्याची धार भिंतीवरून उतरत असते, आणि आपण शिकलेलीं माणसें शांतपणें म्हणतों, "बघूं केव्हां तरी!" या 'केव्हां तरी' ची किंमत आमच्या घरानें दिली आहे. ती इतरांस द्यावी लागूं नये, एवढ्यासाठीं हा लेख.

मी नळकाम जाणणारा मनुष्य नव्हें. माझें आयुष्य संस्कृत व मराठी शिकविण्यांत गेलें. पाण्याला संस्कृतांत 'अप्' असा शब्द आहे. तो स्त्रीलिंगी असून लौकिक संस्कृतांत नित्य बहुवचनी आहे. 'आपः' असेंच म्हणावें लागतें, त्याचें एकवचन चालतच नाहीं. हा नियम मीं पस्तीस वर्षें विद्यार्थ्यांकडून घोकून घेतला. त्यांतला व्यवहार मात्र मला एका गळक्या नळानें शिकविला.

जें सर्वांचें, तें कोणाचेंच नाहीं

आमचें घर पुण्यांत शनिवार पेठेंत आहे. जुन्या वाड्याचा पुढचा भाग पाडून तेथें तीन मजली इमारत झाली. मागची न्हाणी, मोरी व आड अजून जुनींच आहेत. आम्ही तीन भाऊ, मुलें, सुना व नातवंडें मिळून चौदा माणसें एका चुलीवर जेवतों.

सन २०१८ च्या संक्रांतीच्या सुमारास मागच्या न्हाणींतला नळ गळूं लागला. प्रथम तो केवळ रात्रीं ऐकूं येई. मग जो तो त्याची मूठ जोरानें आवळूं लागला. पुढें कोणी तोटीला चिंधी बांधली. नंतर खालीं बादली आली. ती भरली म्हणजे पाणी तुळशीला घालावें, म्हणजे तें फुकट जात नाहीं, असें समाधानही आम्हीं करून घेतलें. दादांना वाटे, धाकटा पाहील. धाकट्याला वाटे, नाना आतां निवृत्त झाले आहेत, त्यांना वेळ आहे. आणि मला वाटे, यांतलें मला काय समजतें? एकत्र कुटुंबाचें बळ मोठें खरें, पण हा त्याचा दोषही आहे. ज्या कामावर कोणाचें नांव लिहिलेलें नाहीं, तें काम चौदा माणसांच्या घरांतही पोरकें राहतें.

बादली भरून वाहिली कीं पाणी फरशीवरून मोरीकडे जाई. त्या वाटेवर हळूहळू हिरवट शेवाळ धरलें. श्रावण आला. दादांच्या धाकट्या सुनेची ती पहिलीच मंगळागौर होती. मंगळवारीं पहांटे पांच वाजतां वहिनी पत्री धुण्यासाठीं परात घेऊन मागच्या न्हाणींत गेल्या. आम्हांस परात पडल्याचा आवाज ऐकूं आला, तेवढाच.

वहिनींचें खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली, तीन महिने अंथरुणावर गेले. सबंध आळींतल्या मुलींना झिम्मा-फुगडी शिकविणाऱ्या वहिनी तेव्हांपासून काठीच्या आधारानें चालतात. शस्त्रक्रियेनंतर मी त्यांना भेटावयास गेलों, तेव्हां त्यांनीं मला किंवा कोणालाही दोष दिला नाहीं. त्या एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, तो नळ तेवढा दुरुस्त करून घ्या. घरांत नवी सून वावरते आहे, ती पडावयास नको."

त्याच सायंकाळीं नळवाला बोलावला. तो माझाच जुना विद्यार्थी निघाला. शब्द चालवितां येत नसे म्हणून मीं ज्याला कितीदां बांकावर उभें केलें होतें, तो माझ्या पायां पडला आणि नळाशीं बसला. पंधरा मिनिटांत काम झालें. नवा वायसर पडला चहाच्या कपाच्या किंमतीचा. त्यानें मजुरी घेण्याचें नाकारलें, तेव्हां मीं त्याला म्हटलें, "मजुरी घेच, आणि वर मला हें काम शिकव." तो हंसून म्हणाला, "सर, यांत शिकण्यासारखें फार नाहीं. नळ बिघडायच्या आधीं महिनाभर सांगत असतो. रोजच्यापेक्षां जास्त आवळावा लागला कीं समजावें." पुढील सर्व मजकूर बहुतेक त्याच्याच शिकवणीचा आहे.

थेंबाचा हिशेब

प्रथम गणित. सेकंदास एक थेंब पडतो असें धरूं. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे तितकेच थेंब. औषध देण्याच्या थेंबनळीचे वीस थेंब म्हणजे साधारण एक मिलिलिटर समजतात. नळाचा थेंब बहुधा त्याहून मोठाच असतो. तरी वीसाच्याच हिशेबानें दिवसाला चार लिटरांहून अधिक पाणी गेलें. संक्रांतीपासून श्रावणांतल्या त्या मंगळवारापर्यंत सात महिन्यांत आमच्या एका नळानें कमींत कमी नऊशें लिटर पाणी सांडलें. थेंब हा एकवचनी दिसतो, पण पाणी बहुवचनीच असतें, हें व्याकरण असें सिद्ध झालें. अमरकोशांत पाण्याच्या नांवांत 'जीवन' आणि 'अमृत' हीं दोन्ही नांवें आहेत; त्या जीवनाचे नऊशें लिटर आम्हीं शेवाळ पोसण्यांत घातले.

आपल्या घरचा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. गळक्या नळाखालीं तासभर पेला ठेवावा, जमलेलें पाणी मोजावें आणि चोविसांनीं गुणावें. हा गुणाकार मुलें जन्मभर विसरत नाहींत.

नळाची रचना व वायसर बदलणें

ज्या नळाची मूठ अनेक फेरे फिरवावी लागते, त्याच्या आंत एक दांडा असतो. त्या दांड्याच्या टोकास रबराची लहान चकती असते, तीच वायसर. मूठ बंद केली म्हणजे ही चकती आंतल्या धातूच्या गोल कडेवर दाबून बसते व पाणी अडतें. रबर झिजलें, कडक झालें किंवा त्याला चीर गेली कीं फटींतून पाणी झिरपतें. अशा वेळीं मूठ जोरानें आवळल्यास रबर अधिकच चेपतें. म्हणून आज ज्या जोरानें नळ बंद होतो, तेवढ्यानें तो उद्यां होत नाहीं. 'घट्ट आवळा' ही सूचना औषध नसून अपथ्य आहे.

बदलण्याची रीत सोपी आहे. प्रथम त्या नळाकडे येणारें पाणी मुख्य चावीनें बंद करावें. मग नळ उघडा सोडून आंत राहिलेलें पाणी जाऊं द्यावें. मोरीच्या तोंडावर फडकें टाकावें. नाहीं तर लहानसा स्क्रू हातांतून सुटून मोरींत जातो आणि दहा मिनिटांचें काम दोन दिवसांचें होतें. मूठ काढून तिच्या खालचा भाग पान्ह्यानें डावीकडे फिरवून सैल करावा. नळाच्या चकाकीवर ओरखडे पडूं नयेत म्हणून पान्ह्याखालीं कापड गुंडाळावें. दांडा बाहेर आला कीं त्याच्या टोकाची जुनी चकती काढून ती नमुन्यास घेऊनच दुकानांत जावें. अंदाजानें आणलेला वायसर बहुधा लहान किंवा मोठा निघतो. नवीन चकती बसवून उलट क्रमानें सर्व जोडावें. इतकें करूनही नळ गळला, तर आंतली धातूची कड झिजली आहे असें समजावें. तें काम मात्र जाणत्याकडे द्यावें.

अलीकडच्या, केवळ पाव फेऱ्यांत उघडणाऱ्या नळांत रबरी वायसरऐवजीं चिनी मातीसारख्या कठीण द्रव्याच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. तो नळ गळूं लागला म्हणजे आंतला संपूर्ण भागच बदलतात. अशा नळाला जोर कधींच लावूं नये.

नळ जेथें भिंतींतून बाहेर येतो त्या सांध्यांतून पाणी येत असेल, तर दोष वायसरचा नसून आट्यांचा असतो. पूर्वीं आट्यांवर सूत गुंडाळून सफेदा लावीत. शिशाचा सफेदा विषारी असल्यामुळें पिण्याच्या पाण्याच्या नळास तो लावूं नये. आतां टेफ्लॉनची पांढरी फीत मिळते. नळ ज्या दिशेनें आवळला जातो, त्याच दिशेनें ती आट्यांवर ताणून गुंडाळावी. उलट गुंडाळली तर नळ बसवितांना ती उलगडून निघते.

मुख्य चावी कोठें आहे?

वाचकांनीं हा लेख क्षणभर बाजूस ठेवून घरांतल्या प्रत्येक माणसास विचारावें, "सर्व घराचें पाणी एकदम बंद करावयाची चावी कोठें आहे?" आमच्या घरीं मीं हा प्रश्न विचारला तेव्हां चौदांपैकीं दोघांसच उत्तर आलें, आणि ते दोघेही दिवसभर कचेरींत असणारे! नळ तुटला तर तो दुपारीं तुटणार, आणि तेव्हां घरांत असणार वडील माणसें व मुलें.

या चावीला नळवाले मेन कॉक म्हणतात. तिच्यावर रंगानें खूण करावी आणि दहा वर्षांवरील प्रत्येकास ती बंद करून दाखविण्यास सांगावें. वर्षानुवर्षें न हलविलेली चावी गंजून जागच्या जागीं बसते व ऐन वेळीं फिरत नाहीं. म्हणून दर तीन महिन्यांनीं ती एकदां बंद करून उघडावी. सर्व मंडळी परगांवीं जाणार असतील, तर कुलूप लावण्यापूर्वीं ही चावी बंद करण्यास विसरूं नये.

मोरीचें आरोग्य

मोरीच्या जाळीखालीं एक वांकडा भाग असतो व त्यांत थोडें पाणी सदैव सांठून राहतें. तें पाणी म्हणजे घाण नव्हे. तो दरवाजा आहे. गटारांतील दूषित वायु व झुरळें यांना तें घरांत येऊं देत नाहीं. बांकदार नळींत पाणी अडवून वास थोपविण्याच्या युक्तीचा समावेश असलेलें शौचकूपाचें पेटंट अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनें इंग्लंडांत १७७५ सालीं मिळविलें. आज जगांतील कोट्यवधि घरांचें आरोग्य त्या युक्तीवर उभें आहे. आपल्याकडे इंजिनियर लोक जमिनींत बसविण्याच्या अशा सापळ्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपल्या न्हाणीचें नांव असें त्यांच्या इंग्रजी पुस्तकांत जाऊन बसलें आहे!

पाहुण्यांच्या खोलीशेजारची न्हाणी महिना महिना वापरांत नसते. तेथील सापळ्यांतलें पाणी सुकून जातें, आणि मग फरशी कितीही घासली तरी वास जात नाहीं. याला फिनेल हें औषध नव्हे. आठवड्यांतून एकदां त्या मोरींत दोन तांबे पाणी ओतावें, एवढेंच पुरें.

मोरी तुंबण्याचें मुख्य कारण स्वयंपाकघरांत तूप-तेल आणि न्हाणींत केस. गरम असतां पातळ दिसणारें तूप नळींत थंड होऊन थिजतें. त्यावर कणकेचे कण, भाताचीं शितें व चहाचा चोथा बसतो, आणि थरावर थर चढून वाट बंद होते. सणावारीं तळण झालें म्हणजे कढई प्रथम जुन्या कागदानें पुसून घ्यावी, नंतर घासावयास टाकावी. नारळाच्या शेंड्या, निर्माल्य व फुलांच्या पाकळ्या मोरींत जाऊं देऊं नयेत. न्हाणींतील जाळीवरचे केस प्रत्येकानें आपल्या स्नानानंतर स्वतःच उचलावे. हें काम मोलकरणीचें नाहीं, आणि घरांतल्या सुनांचेंही नाहीं.

मोरी तुंबलीच तर प्रथम रबरी पंप वापरावा. जाळीवर थोडें पाणी सांठूं देऊन पंपाची वाटी तींत बुडवावी व दहावीस वेळां दाबून ओढावी. भांडीं धुण्याच्या कुंडीखालचा वांकडा भाग हातानें उघडतां येतो. मात्र उघडण्यापूर्वीं खालीं बादली ठेवावी. हरवलेलें कानांतलें बहुधा तेथेंच सांपडतें.

येथें एक सूचना अत्यंत गंभीरपणें द्यावयाची आहे. शौचकूप धुण्याचें आम्लयुक्त औषध आणि ब्लीचिंग पावडर किंवा तत्सम द्रव हीं कधींही एकत्र करूं नयेत, एकामागून एकही ओतूं नयेत. त्यांच्या संयोगानें क्लोरीन हा विषारी वायु निघतो. १९१५ सालीं पहिल्या महायुद्धांत हाच वायु शत्रूवर सोडण्यांत आला होता. बंद न्हाणींत, दार लोटून घासावयास बसलेल्या बाईचा त्यानें जीव जाऊं शकतो. दोन औषधें मिळून दुप्पट स्वच्छता होत नाहीं. शिवाय तीव्र आम्लानें फरशीचे सांधे व धातूचे नळ खाल्ले जातात, तें नुकसान वेगळेंच.

टाकी, फ्लश व गीझर

गच्चीवरच्या टाकींत पाणी चढलें म्हणजे एक पोकळ गोळा तरंगत वर येतो व त्याच्या दांड्यानें झडप मिटते. गोळ्यांत पाणी शिरलें किंवा दांडा वांकला कीं झडप मिटत नाहीं आणि टाकी वाहूं लागते. भिंतीवर उतरणारा पाण्याचा काळसर पट्टा दिसला कीं प्रथम हा गोळा तपासावा.

टाकीचें झांकण घट्ट असावें व हवेच्या नळीस बारीक जाळी असावी. डेंग्यू पसरविणारा एडिस जातीचा डास गटारांत नव्हे, तर आपल्या घरांतल्या स्वच्छ, सांठलेल्या पाण्यांत अंडीं घालतो. अंड्यापासून डास होण्यास उन्हाळीहवेंत आठदहा दिवस पुरतात. यासाठींच आठवड्यांतून एक दिवस पिंपें, हंडे व फुलदाण्या रित्या करून कोरड्या ठेवाव्या असें सांगतात. हीं अंडीं भांड्याच्या आंतल्या कडेला चिकटलेलीं असतात व तीं सुकूनही दीर्घकाळ टिकतात. म्हणून पाणी नुसतें ओतून न देतां कडा घासून काढाव्या. वर्षांतून दोनदां टाकी धुवावी. जमिनींतील बंद टाकींत मात्र घरच्या माणसानें, विशेषतः एकट्यानें, कधींही उतरूं नये. आंत प्राणवायु कमी असूं शकतो, आणि एकास वांचविण्यास उतरलेला दुसराही तेथेंच पडतो.

शौचकूपाच्या फ्लशची टाकी गळत असेल तर तें कानास ऐकूं येत नाहीं. त्याची परीक्षा अशी करावी : रात्रीं सर्व निजल्यावर टाकीच्या पाण्यांत कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाकावे. अर्ध्या तासानें भांड्यांत निळसर पाणी उतरलेलें दिसलें, तर आंतली झडप गळते आहे हें निश्चित.

विंधनविहिरीचें पाणी बहुधा जड असतें. त्यांतील चुन्यासारखा क्षार नळाच्या जाळीवर बसून धार वांकडी किंवा बारीक होते. ती जाळी काढून लिंबाच्या रसांत किंवा शिरक्यांत रात्रभर ठेवावी, क्षार विरघळतो. हाच थर गीझरमध्यें बसून वीज अधिक लागते. गीझरवर एक लहान झडप असते. आंत दाब वाढला तर ती उघडून पाणी बाहेर सोडते. तींतून थेंब पडतात म्हणून कित्येक लोक ती बूच मारून बंद करतात. हें प्राणघातक आहे. झडपेंतून वारंवार पाणी येत असेल तर जाणता मनुष्य बोलवावा, परंतु तिचें तोंड बंद करूं नये.

पूर्वींची शिस्त

माझ्या लहानपणीं वाड्यांत नळ एकच होता. पण आडाची आठवण ताजी होती. दि. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचें धरणही फुटलें, आणि शहराचे नळ कोरडे पडले. मी तेव्हां दोन वर्षांचा होतों. आई सांगे कीं, विस्मरणांत गेलेल्या आडावर त्या वेळीं पुन्हां रहाट बसला आणि वाड्यांतलीं सर्व बिऱ्हाडें त्याच्यावर जगलीं. दोर पाहण्याचें काम आजोबांकडे होतें. दोराचा एक पीळ झिजलेला दिसला कीं ते तो बदलीत. तुटण्याची वाट पाहत नसत, कारण दोर तुटला तर कळशी तर जातेच, पण ओढणाराही मागें कोसळतो.

आपल्या शहराच्या जुन्या पाणीव्यवस्थेंतही हीच दृष्टि होती. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावाचें पाणी भुयारी बांधीव नळानें पुण्याच्या हौदांत आणलें. त्या नळाला जागोजागीं उच्छ्वास ठेवले होते. त्यांतून हवा खेळे, आणि आंत उतरून पाहतांही येई. आज आपण नळ भिंतींत पुरून वर चकचकीत फरशा बसवितों आणि पाहण्यास एक झरोकाही ठेवीत नाहीं. जेथें नजर पोंचत नाहीं तेथें काळजीही पोंचत नाहीं. घराचें नवें काम काढणाऱ्यांनीं एवढें करावें : फरशा बसविण्यापूर्वीं उघड्या नळांचीं छायाचित्रें घेऊन घराच्या कागदपत्रांत ठेवावीं, आणि मुख्य सांध्यांपाशीं उघडतां येईल असें लहान दार ठेवण्यास सांगावें. भिंतीला पोपडे आले तर नुसता रंग देऊं नये. आंत पाणी कोठून येतें तें आधीं शोधावें.

कुळाचार म्हणून

हीं कामें लक्षांत राहावीं म्हणून आम्हीं तीं सणवारांस बांधून टाकलीं आहेत. मृगापूर्वीं गच्चीवरचीं पन्हळें व पावसाळी नळ पानांकचऱ्यांतून मोकळे करावयाचे. दसऱ्यापूर्वीं आणि होळीनंतर टाकी धुवावयाची. नागपंचमीच्या आधीं न्हाण्यांच्या फरशा घासून शेवाळ काढावयाचें. या कामाचें कारण घरांत कोणास सांगावें लागत नाहीं. आणि दर महिन्याची फेरी संकष्टीस. त्या रात्रीं उपास असतो, चंद्रोदयास अवकाश असतो आणि वेळ जातां जात नाहीं. मी हातांत विजेरी घेतों, नात वही-पेन्सिल घेते. प्रत्येक नळ बंद करून आम्ही कान देतों, सांध्याखालीं कोरडा कागद लावून ओल पाहतों, रिकाम्या न्हाणींत दोन तांबे पाणी ओततों आणि मुख्य चावीकडे नजर टाकतों. वहींत तारखेखालीं सही होते. अर्ध्या तासाचें काम.

प्रत्येक घरानें अशी वही घालावी आणि पहिल्या पानावर कामापुढें माणसाचें नांव लिहावें. 'कोणी तरी' असें लिहूं नये. या नांवाचा मनुष्य आमच्या घरांत सात महिने राहत होता. त्यानें नळाला हात लावला नाहीं.

फेरी आटोपून आम्ही ओसरीवर येतों, तेव्हां वहिनी खुर्चीवर बसून चंद्राची वाट पाहत असतात. काठी भिंतीला टेकविलेली असते. "भाऊजी, मागचा नळ पाहिला ना?" असें त्या दर वेळीं विचारतात. मी 'पाहिला' म्हणून सांगतों, आणि नात वही उघडून ती सही त्यांना दाखविते.